साखरेचा पाव आधी, पुतळा नंतर

वाचकांचे प्रश्न : रिओ दि जानेरो, ब्राझील

मागच्या अंकात मी रिओतल्या माझ्या पाच वर्षांबद्दल दोन पानं लिहिली होती. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, पंधरवडाभर घराबाहेर, आणि मी बोताफोगो भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात. रिकामा वेळ पुष्कळ होता, तो मी शहर पायाखाली घालण्यात घालवला. लेखानंतर पत्रं बरीच आली. बहुतेकांनी ‘नक्की काय बघावं आणि काय सोडावं’ एवढंच विचारलंय. जे मला आवडलं नाही, ते आवडलं नाही असंच लिहिते. मुंबईहून तिथे पोचायला अख्खा दिवस मोडतो, पैसा पाण्यासारखा जातो आणि बहुतेकांची ही सफर आयुष्यात एकदाच घडते.

ताई, आम्ही दोघं फेब्रुवारीत सहलीच्या गटाबरोबर निघालोय. रिओला दोनच दिवस आहेत. येशूचा पुतळा आणि शुगरलोफ एकाच दिवशी उरकणार म्हणतात. माझे गुडघे धड नाहीत. एकच निवडायचं झालं तर कुठलं? (निवृत्त शिक्षिका, मुलुंड)

शुगरलोफचा डोंगर. आणि तेही दुपारी चारनंतर.

आधी पुतळ्याबद्दल सांगते, म्हणजे मी त्याचा अनादर करतेय असं वाटणार नाही. १९३१ साली पुरा झालेला हा पुतळा ३० मीटर उंच आहे, खालचा चौथरा आणखी ८ मीटर. आतून सिमेंट-काँक्रीट आणि वरून संगजिऱ्याच्या लाखो छोट्या त्रिकोणी तुकड्यांचा थर. हे तुकडे कापडावर चिकटवायचं काम शहरातल्या बायकांनी केलं आणि कित्येकींनी तुकड्यांच्या मागे आपल्या माणसांची नावं लिहून ठेवली. मला त्या पुतळ्यातली ही गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. ज्या डोंगरावर तो उभा आहे तो कोर्कोवादो, म्हणजे कुबड्या. उंची ७१० मीटर. वर जाणारी दातेरी रुळांची गाडी १८८४ पासून चालू आहे, पुतळ्याच्याही आधीपासून. गाडी जंगलातून वर चढते तेवढी वीस मिनिटं फार सुंदर आहेत. वर लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, तेव्हा गुडघ्यांची काळजी तिथे नाही.

अडचण वर पोचल्यावर सुरू होते. चौथऱ्यासमोरचा सज्जा लहान. त्यावर सकाळी दहापासून अशी दाटी की फोटोसाठी माणसं जमिनीवर पाठ टेकून आडवी पडलेली असतात आणि त्यांच्यावरून पाय टाकत पुढे जावं लागतं. आणि ढग. मी पाहुण्यांना घेऊन चार वेळा गेले, त्यातल्या दोन वेळा आम्हाला फक्त चौथरा आणि पुतळ्याच्या झग्याची किनार दिसली. फेब्रुवारी तिथला ऐन उन्हाळा, म्हणजेच पावसाचाही महिना. तुमच्या गटाचं तिकीट ठरावीक वेळेचं असणार, ढग बघून वेळ बदलता येणार नाही. शिवाय हा पुतळा शहरात सगळीकडून दिसतो. बोताफोगोच्या किनाऱ्यावरून दिसतो, लागोआ तलावाच्या काठावरून दिसतो, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मान तिरकी केली की दिसायचा. त्याला बघायला त्याच्या पायाशीच जायला हवं असं नाही.

शुगरलोफचं पोर्तुगीज नाव ‘पाँव दि असूकार’. यातला ‘पाँव’ म्हणजे आपला पाव. आपण वड्याबरोबर खातो तो शब्द तिथूनच आलाय. पूर्वी साखर शंकूच्या आकाराच्या साच्यात घालून तिच्या ढेपा करत, डोंगर तसाच दिसतो म्हणून साखरेचा पाव. वर जायला तारेवरचा पाळणा (रोपवे) आहे, तो दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा मोहो दा उर्का ही टेकडी, २२० मीटर. दुसरा ३९६ मीटर. १९१२ पासून पाळणे चालू आहेत, अर्थात डबे कित्येकदा बदललेत. पहिल्या टप्प्यावर तासभर बसा, सगळ्यांबरोबर लगेच वर पळू नका. तिथे झाडांखाली बाकं आहेत, अंगठ्याएवढ्या तोंडाची माकडं फिरत असतात. त्यांना खायला घालू नका. मग वर जा. पश्चिमेला समोर कोर्कोवादो असतो आणि सूर्य त्याच्या आसपास मावळतो. पुतळा काळा होत जातो, खाली उपसागरात होड्यांचे दिवे लागतात, सांतोस दुमोंतच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं तुमच्या पायाखालून गेल्यासारखी जातात. माझी आई तिथे आली होती तेव्हा अंधार पडून अर्धा तास झाला तरी उठेना.

गटाला सकाळची वेळ दिली असेल तर आतापासूनच सहलवाल्यांच्या मागे लागा. दोन्हींचा क्रम उलटवून मिळाला, सकाळी लवकर पुतळा आणि संध्याकाळी पाव, तर दोन्ही बघा.

फावेला बघण्याच्या सहली असतात म्हणे. जीपमधून नेतात. आपल्याकडे धारावी बघायला गोरे येतात तसंच ना? जावं का? (आयटीतला नोकरदार, ठाणे)

जीपमधून जाऊ नका.

मी धारावीजवळच्या माटुंगा लेबर कॅम्पात वाढले. शाळेतून येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॅमेरे घेतलेली माणसं उभी असत. आमच्या मोरीचा, वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो कुणी काढला की आई आत निघून जायची. ती तेव्हा एक शब्दही बोलायची नाही. रिओत मला पहिल्या महिन्यातच एका शेजारणीने अशा सहलीला बोलावलं आणि मी वळणावर थांबलेल्या उघड्या जीपमधले टोपीवाले चेहरे बघून घरी परत आले.

‘फावेला’ हे मूळ एका झुडपाचं नाव. १८९७ मध्ये ईशान्य ब्राझीलमधल्या कानुदोसच्या लढाईहून परतलेल्या सैनिकांना कबूल केलेली घरं मिळाली नाहीत, म्हणून ते बंदराजवळच्या टेकडीवर झोपड्या बांधून राहिले. लढाईच्या मुलखातल्या डोंगरावर ते झुडूप होतं, त्यावरून टेकडीला नाव पडलं आणि मग अशा सगळ्या वस्त्यांना. सव्वाशे वर्षं झाली. मोलकरणी, गवंडी, बसचालक, नर्स, सगळे तिथून रोज खाली उतरतात तेव्हा शहर चालतं. माझ्याकडे कपड्यांना इस्त्री करायला येणारी बाई सांता मार्ता या वस्तीतली. तिने मुलीच्या वाढदिवसाला बोलावलं तेव्हा मी गेले. गच्चीवर टेबल, काळ्या घेवड्याचं मोठं पातेलं, शेजारच्या घरातून आणलेल्या खुर्च्या. लेबर कॅम्पातल्या बारशापेक्षा वेगळं काही नव्हतं.

ओळख नसताना जायचंच असेल तर वस्तीतच राहणारा वाटाड्या शोधा, पायी जा, पैसे कुणाला मिळतात ते विचारा आणि दारातून आत कॅमेरा रोखू नका. एकट्याने मात्र अजिबात शिरू नका. काही वस्त्यांवर सशस्त्र टोळ्यांचा ताबा आहे, पोलिसांच्या धाडी सांगून येत नाहीत, आणि मोबाइलच्या नकाशाने भलत्या गल्लीत नेलेल्या पर्यटकांवर गोळ्या झाडल्या गेल्याच्या घटना घडल्या आहेत. भाड्याची गाडी स्वतः चालवायचा विचार असेल तर तो सोडा.

आम्ही वसईचे. किल्ल्यात खेळत मोठे झालो. पोर्तुगीजांचं रिओ आणि पोर्तुगीजांची वसई यांचं काही नातं तिथे दिसतं का? (वसई)

तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण हे मला कुणीच विचारत नाही.

दिसतं, पण किल्ल्यात नाही, झाडांत दिसतं. तिजुकाच्या जंगलात जा. (तिथे उच्चार ‘चिजूका’ होतो, आणि रिओला ‘हिऊ’ म्हणतात. टॅक्सीवाल्याला ‘रिओ’ म्हटलेलं कळतं, ‘तिजुका’ कळायला वेळ लागतो.) शहराच्या मधोमध चाळीसेक चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान आहे. पुतळ्याचा डोंगरही त्यातच. आता मी बोरिवलीला राहते, माझ्या मागच्या दारी संजय गांधी उद्यान आहे, दुपटीहून मोठं, म्हणून आकाराने मी हरखले नाही. हरखले ते तिथला फणस बघून.

पायवाटेच्या दोन्ही अंगांना फणस. एखादं झाड नाही, उतारच्या उतार. बुंध्याला लगडलेले, खाली पडून फुटलेले, वास थेट आमच्या राजापूरच्या घराच्या मागच्या परसातला. पोर्तुगीजांनी हिंदुस्थानातून नेलेलं झाड. नावही नेलं, मल्याळममधल्या ‘चक्का’चं तिथे ‘जाका’ झालं. कडक गऱ्याचा ‘जाका दुरा’ आणि मऊ गऱ्याचा ‘जाका मोले’, म्हणजे आपला कापा आणि बरका! मी हे मंडईतल्या बाईकडून ऐकलं तेव्हा तिला मिठी मारायची बाकी होते. जंगल सांभाळणाऱ्यांना मात्र हा फणस नकोसा झालाय. तो इतका माजलाय की मूळची झाडं त्याच्याखाली तग धरत नाहीत. कोवळ्या फणसाची भाजी तिथल्या जुन्या लोकांना ठाऊकच नव्हती, अलीकडे शाकाहारी मंडळी करू लागली आहेत. मी इमारतीतल्या चौघींना कुयरी चिरायला शिकवली, हाताला तेल लावण्यापासून.

आणि हे जंगल मुळात लावलेलं आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी डोंगर बोडके केले, झरे आटले, शहराला प्यायला पाणी उरेना. तेव्हा १८६१ मध्ये बादशहा दुसऱ्या पेद्रूने झाडं परत लावण्याचा हुकूम काढला. मेजर आर्चर नावाच्या अधिकाऱ्याने मोजक्या गुलामांच्या हातांनी तेरा वर्षांत लाखाच्या आसपास रोपं लावून घेतली. आपला विहार तलाव १८६० चा. दोन्ही शहरांना एकाच सुमाराला तहान लागली आणि दोन्हींनी पाण्यासाठी डोंगर राखले. आज आपण ज्याला बिबट्यांचं जंगल म्हणतो ते आधी पाण्याचं जंगल होतं, हे मला रिओत राहून उमगलं.

वनस्पती उद्यानही सोडू नका. नेपोलियनच्या धास्तीने पोर्तुगालचा दरबार १८०८ मध्ये रिओला पळून आला आणि त्याच वर्षी राज्यकारभार बघणाऱ्या युवराज जुवांवने हे उद्यान सुरू केलं, पूर्वेकडचा मसाला, जायफळ, मिरी, दालचिनी, तिथल्या मातीत रुजवून बघायला. उंचच उंच ताडांची रांग सगळे बघतात. तुम्ही जरा आत जा, मिरीचा वेल शोधा.

उलट दिशेचा माल तर आपल्या घरातच आहे. काजू ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो इकडे आणला, नावासकट. तिथे बी बाजूला ठेवून बोंडाचा रस पितात, थंडगार, गोणपाटासारखा घशाला लागणारा. बटाट्याला ‘बताता’, चावीला ‘शावी’, बालदीला ‘बाउजी’ म्हणतात, आणि ‘पगार’ हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणं. पहिल्या महिन्यात माझं निम्मं बाजारहाट या शब्दांवर निभावलं.

कोपाकबाना की इपानेमा? आणि रंगीत पायऱ्या, माराकाना स्टेडियम, कोलोंबो कॅफे यांबद्दल दोन दोन ओळी सांगाल का? (डोंबिवली)

कोपाकबाना पहाटे, इपानेमा संध्याकाळी. कोपाकबानाची वाळू चार किलोमीटर लांब आहे आणि काळ्या-पांढऱ्या दगडांची लाटालाटांची फरसबंदी खरंच देखणी. दुपारी मात्र विक्रेते आणि गोंगाट यांनी जीव उबतो. पहाटे सहाला दक्षिण टोकाला, जीवरक्षकांच्या सहाव्या चौकीपाशी जा. तिथे अजूनही कोळ्यांची वसाहत टिकून आहे, होड्या वाळूवर ओढतात आणि मासळी तिथेच विकतात. मला ते बघून वरळीचा कोळीवाडा आठवायचा. इपानेमाच्या कडेला आर्पोआदोर नावाचा खडक आहे, उन्हाळ्यात सूर्य समुद्रात बुडाला की तिथे बसलेले सगळे टाळ्या वाजवतात. मीही दर वेळी वाजवल्या. पोहायला उतरणार असाल तर लाल बावटा बघा, लाट काठावरच आपटते आणि पाय ओढते.

सेलारोनच्या पायऱ्या : २१५ पायऱ्या, साठाहून जास्त देशांच्या फरश्या, चिलीहून आलेल्या एका चित्रकाराने १९९० पासून मरेपर्यंत लावलेल्या. त्याची चिकाटी मोठी. पण आज तिथे फोटोसाठी रांग लागते आणि खिसेकापूही. सकाळी आठच्या आत जमलं तर जा, नाहीतर राहू द्या.

माराकाना : सामना असेल तर जीव टाकून जा. रिकामं स्टेडियम दाखवण्याच्या फेरीत मला काही मिळालं नाही. तिथून जवळच्या मांगेइरा टेकडीचं नाव मात्र लक्षात ठेवा. मांगेइरा म्हणजे आंब्याचं झाड. कार्निव्हलमध्ये नाचणाऱ्या तिथल्या सांबा मंडळाची स्थापना १९२८ ची, रंग हिरवा आणि गुलाबी.

कोलोंबो : १८९४ चं, भिंतभर बेल्जियमचे आरसे. बसायला रांग फार. काउंटरवर उभ्याने कॉफी घ्या, आरसे तिथूनही दिसतात.

सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. दहा दिवस काय खातील? (विलेपार्ले)

उपाशी राहणार नाहीत. ‘पोर किलो’ खानावळी शोधा. तिथे जेवण मांडलेलं असतं, आपलं ताट आपण वाढायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. भात, कोबी, भोपळा, तळलेला कसावा, सॅलड, सगळं डोळ्यांनी बघून घेता येतं. काळा घेवडा मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं. भाजलेल्या कसाव्याच्या पिठाच्या ‘फारोफा’तही असू शकतं. ‘मी शाकाहारी’ म्हटलं की पुष्कळजण कोंबडी किंवा हॅम पुढे करतात, कारण त्यांच्या लेखी ‘कार्ने’ म्हणजे गाईचं मांस. म्हणून एकेक नाव घेऊन सांगा : गाय नको, कोंबडी नको, मासे नकोत, हॅम नको, अंडं नको. चिठ्ठीवर पोर्तुगीजमध्ये लिहून पर्समध्ये ठेवा.

रस्त्यावरची ‘तापिओका’ सासूबाईंना आवडेल. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचंच ओलसर पीठ तव्यावर पसरतात, आपोआप धिरडं जुळून येतं, आत नारळ आणि कंडेन्स्ड मिल्क. मी तिथे एकादशीला हेच खायचे. चीजचा पाव ‘पाँव दि केजू’ सगळीकडे मिळतो, पण पिठात अंडं असतं, तेवढा टाळा. आठवडी बाजारात उसाचा रस मिळतो, डोळ्यांसमोर काढलेला.

चोऱ्या फार होतात म्हणे. बाईमाणसाने एकटीने फिरावं का? (दादर)

मी फिरले, पाच वर्षांत एकदा फोन गेला. फ्लामेंगोच्या बागेजवळ फुटपाथच्या कडेला उभी राहून नकाशा बघत होते, सायकलवरून मुलगा आला आणि हातातून घेऊन गेला. त्यानंतर रस्त्यावर फोन काढायचा असला की मी दुकानात शिरायचे. मंगळसूत्र आणि बांगड्या हॉटेलातच ठेवा. शहराचा जुना मध्यभाग, सेंत्रो, कामाच्या दिवशी माणसांनी गजबजलेला असतो, रविवारी ओस पडतो. तिथे रविवारी जाऊ नका. बाकी मेट्रो चांगली आहे, आणि प्रासा किंझे धक्क्यावरून समोरच्या काठावरच्या नितेरोय शहराला जाणारी बोट तर मला सगळ्या पर्यटक-फेऱ्यांपेक्षा सरस वाटली. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जावं तशी, ऑफिसला जाणाऱ्यांची साधी बोट, वीस मिनिटं, आणि अख्खा उपसागर.

ज्या जागेने तुम्हाला सर्वांत जास्त हलवलं ती कुठली? (इतिहासाचा विद्यार्थी, गिरगाव)

व्हालोंगो धक्का. बंदराच्या भागात, रस्त्याच्या पातळीच्या खाली एक खड्डा आणि त्यात ओबडधोबड दगडांची फरसबंदी. तिकीट नाही, बघायला पाच मिनिटं. १८११ मध्ये बांधलेल्या या धक्क्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली सुमारे नऊ लाख माणसं उतरवली गेली असा अंदाज आहे. १८४३ मध्ये नवी बादशाहीण जहाजातून येणार म्हणून या दगडांवर दुसरी, देखणी फरसबंदी घातली. पुढे तीही बुजवली. २०११ मध्ये ऑलिंपिकच्या आधी बंदराची डागडुजी करताना खोदकामात दोन्ही थर वर आले. २०१७ पासून ही जागा युनेस्कोच्या यादीत आहे.

जवळच एका साध्या घरात छोटं संग्रहालय आहे. १९९६ मध्ये एका कुटुंबाने घराची दुरुस्ती काढली तेव्हा जमिनीखाली हाडं सापडली. प्रवासात खचून, धक्क्यावर उतरल्यावर मेलेल्यांना तिथे पुरत असत. काचेखालून ते खड्डे दिसतात. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी एक म्हातारी बाई दगडांपाशी पांढरी फुलं ठेवत होती. तिने मला विचारलं, कुठून आलीस. इंडियाहून म्हटल्यावर म्हणाली, ‘लांबून आलीस, पण तू स्वतःच्या मनाने आलीस.’

सोमवारी दुपारी गेलात तर संध्याकाळी शेजारच्या पेद्रा दो सालला थांबा. खडकात कोरलेल्या पायऱ्यांवर माणसं बसतात आणि मधोमध टेबलाभोवती सांबा वाजतो. पूर्वी त्याच खडकावर मिठाची पोती उतरवत.

लस खरंच लागते का? (तीन पत्रं, एकच प्रश्न)

हो, पिवळ्या तापाची. ब्राझीलहून भारतात परतताना विमानतळावर लसीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि नंतर आयुष्यभर चालतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि तिथे वेळ आधी घ्यावी लागते. वय साठाच्या पुढे असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मुलुंडच्या बाईंनी फेब्रुवारीसाठी डिसेंबरातच नंबर लावावा.